पेटीवाल्याची बैठक

गुढीपाडवा झाला की आपल्या बीड जिल्ह्यात गावोगाव अखंड हरिनाम सप्ताहाचे मांडव पडू लागतात. भगवानगडाच्या नारळी सप्ताहासारखा मोठा सोहळा असो की एखाद्या वस्तीवरचा लहानसा सप्ताह, दिवसाचा क्रम ठरलेला असतो. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथा भजन, प्रवचन, सायंकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. कीर्तनकार रोज नवे येतात. टाळकरी आळीपाळीने उभे राहतात. पखवाजाला बदली माणूस मिळतो. पेटीवाला मात्र बऱ्याच गावांत एकच असतो. सात दिवस, रोजचे पाच-सहा तास तो मांडी घालून, पुढे वाकून बसलेला असतो. काल्याचे कीर्तन झाले, महाप्रसाद झाला, मांडव उतरला की दोन-तीन दिवसांनी हा माणूस आम्हा डॉक्टरांच्या दारात येतो. कंबर धरलेली असते, मान अवघडलेली असते आणि डावा खांदा वर होत नसतो.

दोन वर्षांपूर्वी असेच एक साठीचे गृहस्थ आले. ते एकटे आले नव्हते, दोन मुलांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून आणले होते. तक्रार विचारली तर म्हणाले, "डॉक्टरसाहेब, उजव्या पायात चप्पल राहतच नाही बघा. चालता चालता निसटून मागं राहती, अन् मला पत्ताच नसतो." मुलांनी ठरवूनच टाकले होते की वडिलांना लकवा झाला. गावात तेल लावून झाले होते, कोणी एका जाणत्याकडे नेण्याची तयारीही झाली होती.

तपासले तेव्हा तोंड वाकडे नव्हते, बोलणे स्वच्छ होते, दोन्ही हातांची पकड घट्ट होती. फक्त उजवे पाऊल वर उचलता येत नव्हते आणि पावलाच्या वरच्या बाजूला बधिरपणा होता. गुडघ्याच्या खाली, बाहेरच्या अंगाला हाडाचा एक लहानसा उंचवटा हाताला लागतो. तिथे बोटाने हलके ठोकले तर त्यांना पावलापर्यंत मुंग्या गेल्या. मी विचारले, "बुवा, सप्त्यात पेटीला तुम्हीच होता का?" त्यांनी मान डोलावली. "पाचव्या दिवशी जागरातून उठलो अन् पाय गळाला. मुंग्या आल्या असतील म्हणून सोडून दिलं."

त्या हाडाच्या उंचवट्याला वळसा घालून एक शीर पायात उतरते. ही शीर रक्ताची नसून मेंदूकडून आज्ञा आणणारी मज्जातंतूची आहे. पाऊल वर उचलण्याचे काम तिच्याकडे असते. तिथे तिच्यावर चरबीचे किंवा मांसाचे पांघरूण फारसे नाही, कातडी आणि खाली लगेच हाड. मांडी घातली की एका पायाचा हा भाग दुसऱ्या पायावर नाहीतर जमिनीवर दाबला जातो. थोडा वेळ दाब आला तर मुंग्या येतात आणि पाय सरळ केला की जातात. तासन्‌तास, आणि तोही रोज, दाब आला तर शीर दुखावते आणि पाऊल लोंबू लागते. अंगाने किरकोळ असलेल्या माणसाला हा त्रास अधिक होतो. आमचे बुवा किरकोळच. शिवाय रक्तातील साखर तपासली तर ती वाढलेली निघाली आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. मधुमेहात शिरा आधीच नाजूक झालेल्या असतात, त्यांना थोडा दाबही सोसत नाही.

लकवा नाही म्हटल्यावर मुलांचा जीव भांड्यात पडला. बुवांनी मात्र वेगळेच बोलायला सुरुवात केली. चाळीस वर्षे वाजवली, आता पेटी नातवाच्या हवाली करतो, म्हणाले. मी म्हटले, "पेटी सोडू नका, बैठक बदला." आजचा लेख त्या बैठकीबद्दलच आहे.

पेटीवाल्याची कंबर का दुखते हे आधी पाहू. आपण उभे असतो तेव्हा कमरेच्या मणक्यांना आतल्या बाजूने एक नैसर्गिक बाक असतो. सपाट जमिनीवर मांडी घालून बसल्यावर, विशेषतः चाळिशीनंतर खुबे ताठर झालेल्या माणसाचे, गुडघे वर राहतात आणि माकडहाडाचा भाग खाली व मागे कलंडतो. त्याबरोबर कमरेचा बाक नाहीसा होतो आणि पाठ धनुष्यासारखी बाहेर येते. त्यात पेटी पुढे, म्हणून माणूस आणखी वाकतो. दोन मणक्यांच्या मध्ये गादीसारखी चकती असते, तिच्या पुढच्या कडेवर सगळा भार येतो. स्वीडनमधील डॉ. नॅकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून हा दाब मोजला होता. उभे असतानाचा दाब १०० धरला, तर बसल्यावर तो १४० च्या घरात आणि पुढे वाकून बसल्यावर १८५ च्या आसपास गेला. पुढे इतरांनी केलेल्या मोजमापांत नुसत्या बसण्याचा आकडा इतका मोठा आला नाही, पण वाकून बसले की दाब वाढतो ही गोष्ट कायम राहिली. आपल्याकडे तर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेला माणूस पाडव्याच्या सुमारास परत येतो आणि लगेच सप्त्यात पेटीला बसतो. त्याची कंबर मोळ्या उचलून आधीच थकलेली असते. दोष मग पेटीला दिला जातो.

यावर उपाय स्वस्त आहे. बूड उंच करा. गुडघे खुब्यांपेक्षा खाली गेले पाहिजेत, एवढी एकच खूण ध्यानात ठेवा. त्यासाठी घडी केलेली घोंगडी, जाड सतरंजी किंवा घडीचे पोते बुडाखाली घ्यावे. ते संपूर्ण मांडीखाली पसरू नये, फक्त मागच्या भागाखाली असावे. उंची किती, याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे. तरुण मुलाला दोन इंच पुरतात, पन्नाशीच्या माणसाला बहुधा ४ ते ६ इंच लागतात. घरी भिंतीला पाठ न टेकता बसून पाहा आणि एकेक घडी वाढवत जा. एका ठराविक उंचीला पाठ आपोआप सरळ होते, ती ताठ धरावी लागत नाही. तीच आपली उंची. मऊ कापसाची उशी नको. ती बसताना सहा इंच दिसते आणि दहा मिनिटांत दोन इंच होते. जुनी घोंगडी या कामी सर्वांत चांगली, ती दबत नाही आणि उन्हाळ्यात घामाने निसटतही नाही.

इथपर्यंत अनेकजण येतात आणि नंतर मला सांगतात की डॉक्टर, उंच बसलो तर कंबर जास्तच दुखली. याचे कारण उघड आहे. बूड ४ इंच वर गेले आणि पेटी जमिनीवरच राहिली. आता हात पोचवण्यासाठी त्यांना पहिल्यापेक्षा अधिक वाकावे लागते. आपण जेवढे उंच झालो, जवळजवळ तेवढीच पेटीही उंच झाली पाहिजे. पूजेचा चौरंग, जाड पाट किंवा दोन सपाट विटांवर ठेवलेली फळी चालते, मात्र पेटी हलता कामा नये. फळीवर एक पोते टाकले की पेटी घसरत नाही.

पेटीची योग्य उंची कोपरावरून ठरवावी. खांदे सैल सोडून, दंड शरीरालगत लोंबता ठेवून कोपर काटकोनात वाकवा. हाताचा पंजा जिथे येतो तिथे पट्ट्या असाव्यात, किंवा किंचित खाली. पट्ट्या फार खाली असतील तर मनगट दुमडते आणि कंबर वाकते. फार वर असतील तर खांदे कानाकडे चढतात. मनगट हाताच्या रेषेत सरळ राहावे. दुमडलेल्या मनगटाने रोज तासन्‌तास वाजवणाऱ्यांना रात्री अंगठा व शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते. मनगटातील शीर दाबली गेल्याची ती पहिली खूण समजावी.

पेटी जवळही हवी. सपाट बसल्यावर उंच राहिलेले गुडघे पेटीला दूर ढकलतात. बूड उंचावले की गुडघे खाली जातात आणि पेटी पोटाजवळ ओढता येते, हा या बैठकीचा दुसरा फायदा. पेटीची डावी बाजू किंचित आपल्याकडे वळवून पाहावी. भाता पलीकडच्या बाजूला असतो आणि डावा हात तिथपर्यंत नेताना अंगाला पीळ पडतो. पेटी थोडी तिरकी ठेवली की हा पीळ बराच कमी होतो.

भात्यावरून आठवले. डाव्या खांद्याच्या दुखण्यासाठी आलेल्या माणसाला मी आता पहिला प्रश्न विचारतो, "पेटी किती जुनी?" देवळातील पेट्या वर्षानुवर्षे दुरुस्तीला जात नाहीत. भाता फाटलेला असतो, उंदरांनी कातडे कुरतडलेले असते. वारा गळत असला की वादकाला दुप्पट हात मारावा लागतो. घरच्या घरी परीक्षा करता येते. भाता पूर्ण भरा आणि एकही पट्टी दाबू नका. चांगल्या पेटीचा भाता बराच वेळ फुगलेला राहतो. तुमचा हां हां म्हणता मिटत असेल तर वेदनाशामक गोळ्यांवर खर्च करण्याआधी पेटी कारागिराकडे न्यावी. भाता मारताना जोर खांद्यातून लावू नये, पंजाच्या आणि मनगटाच्या लहान हालचालीने वारा भरावा. जुने वादक हे सांगतच असतात, आपण ऐकत नाही.

आता गुडघ्यांविषयी. ज्यांच्या गुडघ्यांची झीज झाली आहे, बसताना-उठताना ज्यांना आधार लागतो, त्यांनी मांडीचा हट्ट धरू नये. ज्यांचा गुडघा शस्त्रक्रियेने बदललेला आहे त्यांनी जमिनीवर बसून वाजवण्याचा विचार आपल्या अस्थिरोगतज्ज्ञांना विचारल्याखेरीज करू नये. अशा मंडळींसाठी खुर्ची हाच मार्ग. पण खुर्ची म्हटले की गावात कपाळाला आठ्या पडतात. देवापुढे, महाराज उभे असताना, पेटीवाला खुर्चीवर? बुवांनीही हेच विचारले होते.

त्यांना मी जे सांगितले ते इथेही सांगतो. हे वाद्य जन्माला आले तेच मुळी खुर्चीवर बसून वाजवण्यासाठी. पॅरिसच्या अलेक्झांड्र दबाँ या कारागिराने १८४२ मध्ये हार्मोनियमचे पेटंट घेतले. तिचा भाता पायाने चालवायचा असे, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे आणि वादक बैठकीवर ताठ बसलेला. चर्चमध्ये, म्हणजे देवापुढेच, ती वाजे. ती हिंदुस्थानात आली तेव्हा आपली मंडळी जमिनीवर बसून गाणारी. म्हणून १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारण्याची सुटसुटीत पेटी तयार केली. वाद्याने आपल्या बैठकीशी जमवून घेतले ते असे. पण त्यात भात्याचे काम पायांकडून डाव्या हाताकडे आले आणि खांद्याचे दुखणेही बरोबर आले. पुढे मराठी संगीत नाटकांत पायाने चालवायचा ऑर्गन आला. तो वाजवणारे रंगमंचापुढे बैठकीवर बसत आणि त्यात कोणाला अनादर वाटला नाही. एवढे असूनही ज्याला संकोच वाटतो त्याने मांडवाच्या कडेला, खांबाजवळ बसावे. तिथून पेटीचा आवाज कमी येत नाही, हल्ली माईक असतोच.

खुर्ची बिनहाताची घ्यावी. प्लास्टिकच्या हाताच्या खुर्चीत कोपरे अडकतात आणि बैठक मागे उतरती असल्याने पाठ पुन्हा बाहेर येते. पाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. पेटी जेवणाच्या किंवा कचेरीच्या टेबलावर ठेवू नये. ते साधारण ३० इंच उंच असते, वर पेटीची उंची मिळवा म्हणजे खांदे कुठे जातील ते दिसेल. २० इंचांच्या आसपासचा अरुंद, मजबूत स्टूल घ्यावा, गुडघे त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळे राहतील असा. इथेही कोपराची खूण तीच. ऑर्केस्ट्रात कॅसिओ वाजवणाऱ्या मुलांनाही हेच लागू आहे. त्यांचा स्टँड वर-खाली होतो, पण तो आधीच्या माणसाने जसा लावला तसाच ठेवून ते रात्रभर वाजवतात, याचे मला नवल वाटते.

बैठक कितीही चांगली असली तरी एकाच बैठकीत दोन तास अडकून राहणे शरीराला मान्य नाही. अर्ध्या तासाने तरी मांडी बदलावी, वरचा पाय खाली घ्यावा. बाहेरच्या घोट्याखाली लहान कापडी घडी ठेवावी. वर्षानुवर्षे मांडी घालणाऱ्यांच्या या घोट्यावर काळा घट्टा पडलेला असतो, शिंप्यांच्या पायावर तो हमखास दिसे. एरवी तो निरुपद्रवी, परंतु मधुमेही माणसाचा घट्टा फुटला तर जखम चिघळते. त्यांनी सप्त्यात रोज रात्री झोपण्यापूर्वी तो पाहावा.

उठण्याचीही रीत आहे. गजर झाला, सगळे उभे राहिले म्हणून पेटीवाल्याने झटकन उठू नये. आधी दोन्ही पाय लांब करावेत, पावले वीसएक वेळा वर-खाली हलवावीत, बधिरपणा पूर्ण गेला याची खात्री करावी आणि मग हाताचा आधार घेऊन उठावे. बधिर पायावर भार टाकून पडलेली आणि मनगट किंवा खुब्याचे हाड मोडलेली वयस्कर माणसे मी पाहिली आहेत. खुब्याचे हाड मोडले म्हणजे पेटी सोडा, घरातल्या घरात चालणेही कठीण होते.

काही लक्षणे मात्र बैठकीवर ढकलून मोकळे होऊ नये. तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे, एका बाजूचा हात आणि पाय एकदम कमजोर होणे, हे मेंदूच्या झटक्याचे लक्षण आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येते. तेल चोळण्यात हा वेळ घालवू नये, थेट मोठे रुग्णालय गाठावे, आपल्याकडे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. कमरेच्या दुखण्याबरोबर दोन्ही पायांत कमजोरी आली, बसण्याच्या जागेला बधिरपणा आला किंवा लघवीचा ताबा गेला, तर तीही तातडीची बाब आहे, सप्ताह संपण्याची वाट पाहू नये. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर शिरेत गाठ झाली असण्याची शक्यता असते. ती चोळू नये. आणि पाऊल लोंबू लागले, चप्पल निसटू लागली, तर बुवांसारखे आठ दिवस घरी न थांबता डॉक्टरांना दाखवावे.

लहान मुलांबद्दल थोडे. पेटीच्या वर्गात आठ-दहा वर्षांची मुले मोठ्यांच्या पेटीपुढे जमिनीवर बसवलेली असतात. त्यांच्या पट्ट्या जवळजवळ छातीपर्यंत येतात, भाता तर दिसतही नाही. मुलांच्या बाबतीत पेटी खाली आणि आसन वर, एवढेच करायचे. एक-दोन पाट बुडाखाली दिले की झाले.

शेवटी पेटी उचलण्याबद्दल, कारण सप्ताहभर सांभाळलेली कंबर कैकदा उचलताना जाते. पेटी दहा-बारा किलोची, घडीची असेल तर आणखी जड. कमरेत वाकून, हात लांब करून ती उचलू नये. गुडघ्यांत वाकावे, पेटी पोटाशी धरावी आणि पायांच्या जोरावर उठावे. दोघांनी उचलली तर उत्तम. दोन-तीन तास बसून उठल्याबरोबर तर मुळीच उचलू नये, ते काम एखाद्या तरुण टाळकऱ्याला सांगावे.

आमच्या बुवांना पाऊल सरळ धरणारा पट्टा दिला, व्यायाम सांगितले, साखरेच्या गोळ्या सुरू केल्या. पाऊल पूर्ण उचलायला अडीच महिने लागले. पुढच्या सप्त्याच्या आधी मुलाने त्यांच्यासाठी सुताराकडून एक लाकडी बैठक करून घेतली, ५ इंच उंच, वर घोंगडीची घडी शिवलेली. पेटीसाठी देवळातलाच चौरंग घेतला. कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम सांगायला आले होते. कंबर ठीक होती, पाय ठीक होता. तक्रार एवढीच की गावातली दोन म्हातारी माणसे आता तसलीच बैठक मागत होती आणि त्यांना पेटी वाजवता येत नव्हती.